ताई, कोविडची फाइल तुम्ही लावली होती

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

२०२०-२१ च्या लेखापरीक्षणातल्या आक्षेपांचं अनुपालन, म्हणजे त्यांना दिलेली उत्तरं, मान्य झाल्याचं पत्र मिळालं. कोविडच्या खर्चापोटी वसूलपात्र रक्कम निरंक. माझी बदली होऊन बराच काळ झाला, तरी त्या वर्षाच्या सह्या माझ्याच असल्यामुळे हे पत्र येईपर्यंत जीव टांगणीला होता. तुम्हाला फोन करणार होतो, पण फोनवर तुम्ही “त्यात काय एवढं, भाऊसाहेब” म्हणून विषय मिटवला असता. म्हणून चारचौघांत लिहितोय. तेव्हा मी गावचा ग्रामसेवक होतो आणि तुम्ही ग्रामपंचायतीतल्या संगणक परिचालक.

ग्रामपंचायतीच्या दप्तराशी ज्यांचा संबंध येत नाही त्यांना थोडं सांगायला हवं. गावाचा स्वतःचा पैसा म्हणजे ग्रामनिधी: घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती. त्याची खरी वसुली फेब्रुवारी-मार्चात होते. २०२० साली नेमका मार्चच हातचा गेला. शिपाई करवसुलीचं, नमुना १० चं, पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरत होता, ते पुस्तक तसंच कपाटात गेलं. खर्च मात्र त्याच आठवड्यात सुरू झाला. हायपोक्लोराइट, फवारणीचा पंप, मास्क, आणि शाळेत उतरवलेल्या मुंबईकरांसाठी बादल्या, मग, सतरंज्या. अंदाजपत्रकात यातल्या कशालाही शीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं, नव्हतं. त्यात ४ मेला वित्त विभागाने विकासकामांच्या खर्चाला ६७ टक्के कात्री लावली. वरून काही येईल ही आशाही संपली.

उरला वित्त आयोगाचा, केंद्राकडून येणारा निधी. पण चौदावा आयोग संपून पंधरावा लागला होता आणि त्याचे नियम नवे होते. निम्मा निधी बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेलाच, निम्मा अबंधित. धनादेश फाडून मोकळं होता येत नव्हतं. ई-ग्रामस्वराज या केंद्राच्या पोर्टलवर व्हाउचर करायचं, माझी आणि सरपंचांची अशा दोन डीएससी, म्हणजे डिजिटल सह्या, लागायच्या, मग पैसा पीएफएमएस या सरकारी प्रणालीतून थेट पुरवठादाराच्या खात्यात. गावाच्या विकास आराखड्यात काम नसेल तर व्हाउचरच निघायचं नाही. हे पोर्टल सुरू झालं २४ एप्रिल २०२० ला, ऐन टाळेबंदीत. शेजारी बसून शिकवणारा कोणी नाही, तालुक्याला जायला एसटी नाही. माझ्याकडे दोन गावांचा कार्यभार होता आणि माझा सगळा दिवस शाळेतल्या लोकांची जेवणं आणि भांडणं यात जायचा. प्रियासॉफ्ट या हिशोबाच्या जुन्या प्रणालीतली अखेरची शिल्लक नव्या पोर्टलवर जुळवून घेणं, आराखड्यात दुरुस्ती करून कोविडची कामं बसवणं हे सगळं तुम्ही घरी बसून, रात्री सर्व्हर हलका झाला की करत होतात. सकाळी व्हॉट्सॲपवर तुमचा निरोप यायचा, “शिल्लक जुळली.” दोनच शब्द.

त्यात सह्यांचा घोळ. ग्रामपंचायतीची मुदत त्या उन्हाळ्यात संपली. निवडणूक घेता येईना, म्हणून विस्तार अधिकारी प्रशासक म्हणून आले. १५ जानेवारी २०२१ ला राज्यातल्या १४ हजारांवर ग्रामपंचायतींबरोबर आपलंही मतदान झालं आणि फेब्रुवारीत नवे सरपंच आले. वर्षाच्या आत सही करणारी तीन माणसं बदलली. दर वेळी जुनी डीएससी बंद करायची, नवी नोंदवायची, मंजुरीची वाट बघायची आणि तोवर पुरवठादाराचे फोन झेलायचे. ते फोनही तुम्हीच घेतलेत, हे मला मागाहून कळलं.

आता बिलांचं सांगतो. मेडिकलवाल्यांची बिलं त्या गुळगुळीत कागदावरची. वर्षभरात शाई उडते, हे ठाऊक सगळ्यांना असतं, करत कोणी काही नाही. तुम्ही प्रत्येक बिलाची त्याच दिवशी झेरॉक्स काढून प्रमाणकाच्या, म्हणजे खर्चाच्या व्हाउचरच्या, मागे चिकटवत होतात आणि कोपऱ्यात पेन्सिलने प्रमाणक क्रमांक टाकत होतात. लेखापरीक्षक आले तेव्हा मूळ बिलं कोरी झाली होती. एकाने तर कागद खिडकीकडे धरून पाहिला. मग पान उलटलं, मागे सगळं लख्ख: तारीख, नग, दर. माझा अर्धा जीव तिथेच भांड्यात पडला.

दराचं तर मला सुचलंच नसतं. केंद्राने २१ मार्च २०२० ला भाव बांधून दिले होते: दोन पदरी मास्क ८ रुपये, तीन पदरी १०, सॅनिटायझरच्या २०० मिलीला १००, ३० जूनपर्यंत. एका दुकानदाराने अर्ध्या लिटरची बाटली ३०० ला लावली. हिशोबाने २५० च्या वर जाता येत नव्हतं. तुम्ही बिल परत पाठवलंत. दुकानदार चिडला, मला म्हणाला, “तुमची कॉम्प्युटरवाली बाई फार कायदा शिकवते.” दुरुस्त बिल मात्र दुसऱ्या दिवशी आलं. पुढे लेखापरीक्षणात दराबद्दल विचारणा झाली तेव्हा त्या प्रमाणकाला भाव बांधल्याच्या आदेशाची प्रत जोडलेली निघाली.

साठ्याच्या नोंदवह्यांवरून मी तुमच्याशी वाद घातल्याचं आठवतं. फिनेल, मास्क अशा वापरून संपणाऱ्या वस्तू नमुना १५ ला; बादल्या, थर्मल गन, ऑक्सिमीटर अशा टिकणाऱ्या वस्तू नमुना १६ ला. मुंबईतल्या गावकऱ्यांच्या मंडळाने पाठवलेला तांदूळ आणि साबण यांना तर बिलच नाही, त्यांची नोंद कशाला, असं माझं म्हणणं. तुम्ही वेगळी वही घातलीत: कोणाकडून आलं, किती आलं, कोणाला गेलं, घेणाऱ्याची सही किंवा अंगठा. त्या काळात ग्रामसभा घ्यायला मनाई होती. जमाखर्च वाचून दाखवायला सभाच नाही, तर तुम्ही महिन्याचं विवरण काचेच्या फलकात लावायला लागलात आणि गावाच्या ग्रुपवर टाकायला लागलात. सुरुवातीला लोकांनी फुलं आणि हात जोडलेल्या बाहुल्या पाठवल्या. मग एका आजोबांनी विचारलं, एवढं फिनेल कोण प्यायलं? तुम्ही शाळेच्या शौचालयांचा आठवड्याचा हिशोब टाकलात. त्यानंतर तांदळावरून गावात कुजबुज झाली नाही. गावात राहिलेल्या माणसालाच कळेल, ही केवढी गोष्ट आहे.

२०२१ च्या मे महिन्यात दुसरी लाट भरात होती. केंद्राने वित्त आयोगाच्या निधीचा जूनचा हप्ता आधीच सोडला: २५ राज्यांना मिळून ८,९२३.८ कोटी, त्यात महाराष्ट्राला ८६१.४ कोटी. ग्रामपंचायतींचे हिशोब ऑनलाइन असल्याची अट त्या हप्त्यापुरती माफ झाली. बरंच झालं, कितीतरी गावांचे हिशोब खरोखरच अडकले होते. आपले नव्हते. शाळेत विलगीकरणाच्या खाटा मांडायच्या ठरल्या त्या दिवशी कोणत्या शीर्षात किती शिल्लक आहे हे मी सरपंचांना उभ्या उभ्या सांगू शकलो, कारण आकडा कालचा होता.

हे सगळं करताना तुमचं स्वतःचं मानधन महिनोनमहिने थकलेलं होतं. आपले सरकार सेवा केंद्राच्या नावाने ग्रामपंचायत तेव्हा महिन्याला १२,३३१ रुपये भरायची, त्यातले परिचालकाच्या हातात निम्म्याच्या आसपास पडायचे, तेही वेळेवर नाहीत. ती रक्कम वर्ग केल्याची नोंद तुम्हीच तुमच्या हाताने पोर्टलवर घेत होतात. आम्ही कोणी त्यावर तोंड उघडलं नाही. आणि कोरोना योद्ध्यांचे सत्कार झाले तेव्हा मला शाल मिळाली, आशाताईंना मिळाली, शिपायाला मिळाली. तुमचं नाव यादीत नव्हतं, कारण तुम्ही ग्रामपंचायतीच्या आस्थापनेवर नाही. यादी करणारे चुकले असं म्हणता येत नाही, नियमाने ते बरोबरच होते. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही.

तुम्ही दुसऱ्या नोकरीसाठी अर्ज करताय असं कानावर आलं. तुमचं अनुभव प्रमाणपत्र मी माझ्या सहीने लिहून ठेवलंय. ‘डाटा एन्ट्री’ एवढ्यावर भागवलेलं नाही. रोकडवही जुळवणी, साठा नोंदवह्या, आराखडा दुरुस्ती, लेखापरीक्षणाचं अनुपालन, एकेक काम वर्षासकट लिहिलंय. विद्यमान सरपंचांची सहीही घ्यायची आहे, त्यांच्याशी बोलणं झालंय. पुढच्या मासिक सभेला पंचायत समितीत येणार आहे, तेव्हा घेऊन येतो. तारखेत काही फरक असेल तर आधी कळवा.

तुमचा,
भाऊसाहेब