घंटीवरचं नाव

प्रिय चिमे,

अनेक आशीर्वाद.

शनिवारी फोनवर आवाज चढला त्याला आज दोन दिवस झाले. "बाबा, मी काही तुमचं रजिस्टर पार्सल नाही, पोचल्याची सही घ्यायला," असं म्हणून तू फोन ठेवलास. मी रागावलो नाही. म्हणजे रागावलो होतो, पण जेवायला बसेपर्यंत तो राग गेला. नंतर राहिलं ते वेगळंच, आणि ते फोनवर मला सांगता येत नाही म्हणून लिहितोय. दादा याचे फोटो काढून तुला पाठवेल. कागद मी ठेवून घेणार आहे. तुझा पक्का पत्ता झाला की पोस्टाने पाठवीन.

आधी हे सांगतो की घर तूच निवडायचंस. आडलर्सहोफ की वेडिंग, बर्लिनच्या या दोन भागांपैकी कुठे राहायचं, यात मी मत देणार नाही. तुला मंगळवारपर्यंत उत्तर द्यायचंय, तेव्हा मला जे समजलं तेवढं फक्त पुढे ठेवतो.

तू गेल्यापासून बर्लिनचा नकाशा माझ्या टेबलावर आहे. एकतीस वर्षं टपाल वाटलेल्या माणसाला शहर नकाशावर दिलं की तो आधी पिनकोड बघतो. तिथले पाच आकडी आहेत. १९९० साली दोन जर्मनी एक झाले तेव्हा दोन्हीकडचे जुने चार आकडी कोड एकमेकांत गुंतले, एकच आकडा पूर्वेतही आणि पश्चिमेतही. मग काही वर्षं कोडाच्या आधी पूर्वेसाठी एक अक्षर आणि पश्चिमेसाठी दुसरं लावून काम भागवलं. १ जुलै १९९३ पासून सगळ्या देशाला नवे कोड दिले. एका दिवसात सगळा देश! आपल्याकडे पिनकोड १९७२ साली आला आणि मी नोकरीला लागलो तेव्हाही लोक तो लिहीत नव्हते, हे तुला शंभर वेळा ऐकवलंय.

आणि तिथे कोड लिहिल्याशिवाय चालायचंच नाही, कारण बर्लिनमध्ये एकाच नावाचे अनेक रस्ते आहेत. १९२० साली आजूबाजूची गावं आणि छोटी शहरं एकत्र करून ते शहर मोठं केलं. प्रत्येक गावाने आपले रस्ते आपल्या नावांसकट आणले. बर्लिनर श्ट्रासं नावाचे रस्ते तर कितीतरी आहेत. जुन्या रस्त्यांवर घरांचे नंबर एका बाजूने चढत जातात आणि दुसऱ्या बाजूने उतरत परत येतात, त्यामुळे एक नंबरच्या समोर शंभराच्या पुढचा नंबर असू शकतो. नव्या रस्त्यांवर सम एकीकडे, विषम दुसरीकडे. पहिल्या दिवशी घर सापडलं नाही तर घाबरू नकोस, हे एवढंच सांगायचं होतं.

भरकटलो. मुद्द्यावर येतो.

वेडिंगबद्दल तुझ्या आत्याने जे म्हटलं ते मनावर घेऊ नकोस. "तिथे बाहेरचे लोक फार आहेत," म्हणाली. मी तिला विचारलं, आपली चिमी तिथे कोण? ती गप्प बसली. तुर्की, अरबी, आफ्रिकी माणसं तिथे दोन-तीन पिढ्यांपासून राहतात, कामावर जातात, पोरांना शाळेत सोडतात. असे मोहल्ले माझ्या बीटवर होते. एका दारावर सहा नावं, जिन्यात चपलांचा ढीग, आणि तरी हाक मारली की कोणीतरी बाहेर येणारच. मला त्या जिन्यांची कधी भीती वाटली नाही. मला भीती वाटायची ती स्वच्छ, शांत जिन्यांची. दुपारी तिथे कोणीही नसायचं.

पूर्वी वेडिंगच्या डोक्यावरून टेगेल विमानतळाची विमानं जायची. तो २०२० साली बंद झाला, म्हणजे तो आवाजही आता नाही. तुझ्या त्या खोलीपासून बेर्नाउअर श्ट्रासं फार लांब नाही असं दिसतं. बर्लिनची भिंत बांधली तेव्हा त्या रस्त्यावर घरं पूर्वेत होती आणि दारासमोरचा फुटपाथ पश्चिमेत, म्हणजे वेडिंगमध्ये. १९६१ साली दारं विटांनी बुजवली, मग खिडक्याही बुजवल्या, आणि त्याआधी लोकांनी खिडक्यांतून खाली उड्या मारल्या. मला हे वाचून दोन रात्री नीट झोप लागली नाही. ज्याने त्या रस्त्यावर टपाल टाकलं असेल, त्याने त्या सकाळी काय केलं असेल? एकदा जाऊन बघून ये, आणि मला सांग.

आता आडलर्सहोफ. तुझी लॅब तिथे, हुम्बोल्ट विद्यापीठाचे विज्ञान विभाग तिथे, इमारत नवी, दहा मिनिटं चालत. वेडिंगहून म्हणजे रिंगबानने, त्या गोल फिरणाऱ्या लोकलने, ट्रेप्टोअर पार्क, तिथे गाडी बदलायची, रोज जाऊन येऊन दीड तास तरी मोडणार. तुझं म्हणणं बरोबर आहे. दोन्ही जागा तिकिटाच्या ए-बी झोनमध्येच येतात, पासाचा फरक नाही, पण वेळेचा आहे. आणि स्वतःचं स्वयंपाकघर, स्वतःची न्हाणी, कोणाची भांडी घासायची नाहीत. चोवीस वर्षं तू दादाबरोबर एका खोलीत अभ्यास केलास. एक दार फक्त आपलं असावं असं तुला का वाटतं, ते मला कळतं. खरंच कळतं.

पण तूच म्हणालीस ना, की संध्याकाळी सातनंतर त्या रस्त्यावर माणूस दिसत नाही? मी ते वाक्य सोडू शकत नाही. डिसेंबरात तिथे चारच्या आतच सूर्य मावळतो आणि सकाळी आठ वाजून गेल्यावर उगवतो. रविवारी दुकानं बंद. शुक्रवारी संध्याकाळी तू दार लावलंस तर सोमवारी सकाळपर्यंत तुला कोणी विचारणार आहे का? हेच मी शनिवारी विचारलं, पण ओरडून विचारलं. त्याबद्दल माफ कर.

तिथे घरांना फ्लॅट नंबर नसतात म्हणे, खाली घंट्यांच्या पाटीवर नुसती आडनावं. रस्त्याकडेचं फोर्डरहाउस, बाजूची पाखी, अंगणामागचं हिंटरहाउस, सगळ्यांना एकच नंबर, आणि पोस्टमन नाव बघून पत्र टाकतो. नाव नसेल तर पत्र परत. दोन आठवड्यांच्या आत नोंदणी करायची, ती आनमेल्डुंग, आणि त्याला घरमालकाचं तसं पत्र लागतं. खोली बघायला जाशील तेव्हा पहिला प्रश्न हाच विचार, "ते पत्र देणार का?" नाही म्हणाले तर चहासुद्धा न घेता उठून ये. नोंदणीनंतर कराचा नंबर पोस्टाने येतो, बँकेचं कार्ड पोस्टाने येतं. वेडिंगची खोली पोटभाड्याची आहे, तेव्हा मूळ भाडेकरूने मालकाची परवानगी घेतली आहे का ते कागदावर बघ. आकडा सांगतील तो काल्टमिटे की वॉर्ममिटे, म्हणजे गरम पाणी आणि हीटिंग सोडून की धरून, ते आधी विचार. अनामत तीन महिन्यांच्या काल्टमिटेपेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ती तीन हप्त्यांत देण्याचा तुला हक्क आहे. आत पाऊल टाकून बघितल्याशिवाय कोणालाही एक युरो पाठवू नकोस, मालक परदेशात आहे आणि किल्ली कुरिअरने येईल असं कोणी कितीही गोड लिहिलं तरी. हिंटरहाउसची खोली दुपारी बारा वाजता बघ, उजेड किती येतो ते तेव्हाच कळेल. भिंतीच्या कोपऱ्यात ओल आहे का, पलंगामागे हात घालून…

पुन्हा सुरू झालं माझं. तुझी आई मागे उभी राहून वाचते आहे आणि म्हणते, "तिला हे सगळं तुमच्या आधी माहीत आहे." असेल. मी खोडत नाही, राहू दे.

चिमे, मी तुला एक गोष्ट कधी सांगितली नाही. तुझ्या आईला अर्धी माहीत आहे.

तू दोन वर्षांची असशील. माझ्या बीटवर एका नव्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक मुलगा एकटा राहायचा, चोवीस-पंचवीसचा, नोकरीसाठी शहरात आलेला. दर महिन्याला घरी मनीऑर्डर करायचा, पावती नीट घडी करून खिशात ठेवायचा. एकदा त्याच्या घरून रजिस्टर पत्र आलं. मी दार वाजवलं, हाक मारली, उत्तर नाही. पाकिटावर "दार बंद" असा शेरा मारला, चिठ्ठी दाराच्या फटीत अडकवली आणि उतरलो. दुसऱ्या दिवशी गेलो तर चिठ्ठी तशीच. खाली वर्तमानपत्र पडलेलं. आणि मला दिसलं की बाहेरून कुलूप नाहीये. कडी आतून आहे. मला ते दिसलं, चिमे. पिशवीत अजून दीडशे पत्रं होती, पाऊस होता, आणि मी पुन्हा "दार बंद" लिहिलं आणि खाली उतरलो.

तिसऱ्या दिवशी मात्र पाय हलेना. समोरचं दार वाजवलं. त्या घरातल्या बाई म्हणाल्या, इथे कोण राहतं मला ठाऊक नाही. आठ महिने तो समोर राहत होता. मग दोघा-तिघांना बोलावून दार तोडलं. तो आत जमिनीवर होता, तापाने फणफणलेला, ओठ सुकलेले. पाणी पाजलं तेव्हा मला म्हणाला, "काका, तुमची हाक रोज ऐकू येत होती. मला ओ देता येत नव्हती."

त्याला दवाखान्यात पोचवला. पुढे घरचं कोणी येऊन त्याला घेऊन गेलं. ते रजिस्टर परत पाठवताना शेरा मीच लिहिला, सोडून गेले. तो बरा झाला की नाही, मला आजवर माहीत नाही.

म्हणून मी विचारतो. तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही. तू हुशार आहेस, धीट आहेस, आमच्या सात पिढ्यांत कोणी विमानात बसलं नव्हतं आणि तू तिथे प्रयोगशाळेत उभी आहेस. गेल्या आठवड्यात पोस्टात जुन्या मंडळींना सांगितलं, बर्लिन, १२४८९, तर ते हसले, "अजून पिनकोडनेच बोलतोस का?" मला बोलताना घसा भरून आला. इरावती कर्वे १९२८ साली त्याच शहरात शिकायला गेल्या, डालेममधल्या संस्थेत कवट्या मोजून त्यांनी डॉक्टरेट केली, आणि गुरूची मांडणी आकड्यांतून सिद्ध होत नाही असं दिसल्यावर तसं लिहिलंसुद्धा. तेव्हा त्यांच्या घरच्यांना पत्र पोचायला आठवडे लागत. त्यांच्या माणसांनी ते कसं काढलं असेल? मला दोन दिवस फोन आला नाही तर नकाशा समोर घेऊन बसावं लागतं.

तू आडलर्सहोफला राहिलीस तरी चालेल. खरंच चालेल. फक्त तिथे गेल्यावर शेजारच्या दोन दारांवर जा, नाव सांग, आपण नवीन आहोत म्हण. जर्मनीत तुम्ही घरी नसाल तर पार्सल शेजाऱ्याकडे ठेवतात आणि तुमच्या डब्यात तशी चिठ्ठी टाकतात. मला ही पद्धत फार आवडली. कोणाचं पार्सल तुझ्याकडे आलं तर घे, नाही म्हणू नकोस. ते घ्यायला येतील तेव्हा तुझा चेहरा बघतील. मग कधी चार दिवस दिसली नाहीस, तर कोणाला तरी चुकल्यासारखं वाटेल. आणि ११२ हा नंबर, शिवाय रात्री-अपरात्री डॉक्टरसाठी ११६११७, दोन्ही कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटव. फोनमध्ये नाही, कागदावर. फोन बंद पडतो.

आणि वेडिंगला राहिलीस तर त्या दोघींना, तुझ्याबरोबर राहणाऱ्यांना, माझा नमस्कार सांग. त्यांच्यापैकी एकीचा नंबर मला दे. मी फोन करणार नाही. फक्त असू दे माझ्याकडे.

आईने तुझी शाल बाहेर काढून ठेवली आहे, पाठवायची म्हणते. मी तिला म्हटलं, आधी पत्ता येऊ दे.

घर ठरलं की पत्ता नीट सगळा लिहून पाठव. रस्ता, नंबर, पाच आकडी कोड. आणि घंटीवर आडनाव कसं लावलंयस ते त्यांच्या लिपीत अक्षर न अक्षर लिही. मी पाकिटावर तसंच काढीन, एक अक्षर इकडचं तिकडे होऊ देणार नाही.

तुझा,
बाबा