बॅटन हातात येईपर्यंत

नौपाडा, ठाणे

चि. मुक्ता,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोनवर तू वैतागलेली होतीस, म्हणून मी फार बोललो नाही. आई म्हणाली, बोलू नका, लिहा. तेव्हा लिहितो.

तुझी तक्रार अशी की जर्मनीत गेलीस कंडक्टिंगसाठी, म्हणजे वाद्यवृंदाचं संचालन शिकायला, आणि दिवसभर ऑपेराच्या तालमीत पियानो बडवते आहेस. गायक अडखळला की पुन्हा तीच पानं, आणि बॅटन, ती संचालनाची काठी, दुसऱ्याच्या हातात. मला विचारशील तर तू योग्य जागी बसली आहेस.

एवढा मोठा कंडक्टर जॉर्ज सोल्टी, हंगेरीतल्या बुडापेस्टचा. १९३० मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, तिथल्या ऑपेरात लागला तो याच कामावर. ज्यू असल्यामुळे त्याला कंडक्टर म्हणून कुणी उभं राहू देईना. १९३७ मध्ये साल्झबर्गला टोस्कानिनीसारख्या थोर कंडक्टरच्या हाताखाली गेला, तेही तालमीचा पियानोवादक म्हणूनच. अखेर ११ मार्च १९३८ ला बुडापेस्टमध्ये मोझार्टचा ‘फिगारो’ हा ऑपेरा कंडक्ट करायला त्याच्या हाती आला, तर त्याच रात्री शेजारी ऑस्ट्रियाचं सरकार कोसळलं आणि सकाळी हिटलरचं सैन्य आत शिरलं. पुढच्या वर्षी सोल्टी देशाबाहेर पडला. वडिलांची आणि त्याची पुन्हा भेट झाली नाही. यावर मी जास्त लिहीत नाही. आपल्याकडे व्हिडिओ कॉल तरी आहे.

युद्धाची वर्षं स्वित्झर्लंडमध्ये गेली. तिथे त्याला तगवलं ते पियानोने. १९४२ मध्ये जिनिव्हाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीसही मिळवलं. आणि १९४६ मध्ये म्युनिकच्या ऑपेराचा संगीत संचालक झाला तेव्हा कंडक्टर म्हणून प्रत्यक्ष अनुभव किती? अगदीच किरकोळ. पण ऑपेरा आतून माहीत होते, कारण तालमीत बोटांखालून गेले होते. पुढचं तुला ठाऊक आहेच: शिकागोच्या वाद्यवृंदाचा संगीत संचालक १९६९ ते १९९१, आणि ३१ ग्रॅमी.

मी आयुष्यभर हार्मोनियमची साथ केली, म्हणून एवढं सांगू शकतो. सहयोग मंदिरात बैठक असो की कुणाच्या घरी, गायकाचा श्वास कुठे तुटणार हे साथीदाराला गायकाच्या आधी कळावं लागतं. तू वाजवतेस त्या व्होकल स्कोअरमध्ये अख्खा वाद्यवृंद दोन हातांत मावेल एवढा करून ठेवलेला असतो. वाजवताना यातलं व्हायोलिनचं कुठलं, हॉर्नचं कुठलं, हे मनात ऐकत राहा. शिवाय पुढे उभ्या माणसाचा कुठला इशारा स्पष्ट येतो आणि कुठल्याने सगळे गोंधळतात, हे तुझ्याइतकं जवळून कोण बघतं? वर्गात ते शिकवता येत नाही.

मात्र नुसतं राबत राहू नकोस. तालमीचा पियानो वाजवता वाजवता निवृत्त झालेलेही पुष्कळ असतील. तिकडे अशाही जागा असतात ना, जिथे पियानोबरोबर काही प्रयोग कंडक्ट करण्याचं करारातच लिहिलेलं असतं? पुढचा अर्ज तसल्याच जागेसाठी कर. सही करण्याआधी ते कलम नीट वाच, आणि किती प्रयोग, कुठले, हे संकोच न करता विचार. आपल्या घराण्यात पैशाचं आणि हक्काचं बोलायची लाज फार. ती तू घेऊ नकोस.

आई मेतकूट पाठवते आहे.

तुझा,
बाबा