मोठं वारं

गॉलवे, आयर्लंड

प्रिय नंदू,

माझा खोकला गेला. तुझ्या बदलीचं कळलं. जागा मिळाली की पत्ता कळव.

शेजारच्या आजीबाईंबद्दल लिहायचंय. हे तुलाच कळेल.

२०२५ च्या जानेवारीत 'एओविन' वादळ आलं. इथल्या किनाऱ्यावर मेस हेडला वारा ताशी १८० किलोमीटरच्या वर गेला. वीज गेली, म्हणून आजीबाई आमच्याकडे राहिल्या आणि त्यांनी १८३९ चं 'मोठं वारं' सांगितलं, त्यांच्या आजीने सांगितलेलं. ६ जानेवारी, रविवार, इथे त्या सणाला 'बायकांचा नाताळ' म्हणतात. आदल्या दिवशीचं बर्फ वितळलेलं, हवा इतकी पडलेली की लांबच्या घरातलं बोलणं ऐकू यावं. रात्री वारं सुटलं. गवताची छपरं उडाली, चुलीतल्या निखाऱ्यांनी घरं पेटली. सकाळी समुद्रापासून पार आतल्या कुंपणांवर मीठ! कुणी म्हणालं जगबुडी आली, कुणी म्हणालं टेकड्यांतली परीमंडळी देश सोडून गेली.

सांगोवांगीला इतिहास म्हणू नये, हे तुझं पालुपद. अरे, इथे सरकारने ती पुरावा म्हणून धरली! १९०९ पासून सत्तरीच्या पुढच्यांना पेन्शन सुरू झाली. जन्मनोंदणी तर १८६४ पासूनची. मग म्हाताऱ्यांना विचारायचे, मोठं वारं आठवतं का? "त्या रात्री मी हातात धरून बटाटा खाल्ला होता" म्हटलं की वय सिद्ध. हसू नकोस, तुझ्या आजोबांची १ जून गुरुजींनीच लावलेली.

पण हल्ली आजीबाई दोन्ही वादळं एकत्र सांगतात. १८३९ ची छपरं उडतात आणि आमचा फ्रीज बंद पडतो. त्यांचा मुलगा दर वेळी टोकतो. परवा त्या अर्ध्यावरच गप्प झाल्या, ते मला बघवलं नाही. मी वहीत लिहून घेतोय, पण कसं लिहू? सरळ करून लिहिलं तर त्यांचं त्यात काय उरलं? आणि नाही केलं, तर त्यांच्या नातवंडांना १८३९ सापडणार कुठून?

माई पानशेतच्या पुरात कोयनेचा भूकंप आणायची. "माई, मधे सहा वर्षं गेली" असं तू दर वेळी म्हणायचास, आणि त्यावरून आपण जिन्यात किती भांडलो! मग तू टोकणं सोडलंस. नुसता ऐकत बसायचास. ते का सोडलंस, मी कधी विचारलं नाही. आता विचारतोय.

आजीबाईंचा मुलगा शनिवारी येईल. त्याच्याशी बोलायचंय. त्याआधी लिही, नाहीतर फोन कर.

तुझा,
विन्या