न टाकलेल्या चेंडूंबद्दल आभार

कोकुबो योहेई सर यांना,

स. न. वि. वि.

माझी धाकटी बहीण तोक्योत निशिकासाईला राहते. ती म्हणते, जपानी पत्राची सुरुवात ऋतूने करायची असते. तर आमच्याकडे सांगली जिल्ह्यात ऊसतोड जोरात आहे, सकाळी आठपर्यंत धुक्यात ग्राउंडचं पलीकडचं टोक दिसत नाही, आणि पोरं मॅट अंथरताना बोटं चोळत असतात. मी इथल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. बेसबॉल मी आयुष्यात कधी खेळलेलो नाही. आमची शाळा क्रिकेटची.

तुम्ही कोच असलेल्या शाळेचा 25 जुलै 2019 चा बेसबॉल सामना बहिणीने मला फोनवर सांगितला होता, आणि तेव्हा मी तुम्हाला घाबरट म्हणालो होतो. आधी तेवढं कबूल करतो.

तुम्हाला सगळं ठाऊक आहेच. हे माझ्या माणसांसाठी लिहितो. जपानात उन्हाळ्यात कोशिएन मैदानावर होणारी बेसबॉल स्पर्धा म्हणजे शाळकरी पोरांची पंढरी. इवाते प्रांतातून एकच शाळा जाते. ओफुनातोची तुमची सरकारी शाळा 1984 नंतर तिथे पोचलीच नव्हती. आणि आता तुमच्याकडे सासाकी रोकी होता. 11 मार्च 2011 च्या त्सुनामीत रिकुझेनताकातातलं घर, वडील, आजी-आजोबा गमावलेला पोरगा. नावाजलेल्या खाजगी शाळा सोडून तो गावच्या मित्रांबरोबर खेळायचं म्हणून तुमच्याकडे आला. सतराव्या वर्षी त्याने 163 किलोमीटर वेगाने चेंडू टाकला. (क्रिकेटमधला शोएब अख्तरचा विक्रम 161.3 चा. बेसबॉलमध्ये कोपर वाकवायला मोकळीक असते, त्यामुळे तुलना खरी नाही. पण आकडा ऐकून माझ्या पोरांचे डोळे विस्फारले.)

21 जुलैला त्याने 12 डावांत 194 चेंडू टाकले (बेसबॉलचा सामना एरवी नऊ डावांचा, बरोबरी झाली तर पुढे चालतो), वर बाराव्या डावात स्वतःच होमरन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, मारून सामना काढला. पुढच्या सामन्यात तुम्ही त्याला बसवलं, पोरांनी त्याच्याविना जिंकून दाखवलं. 24 ला उपांत्य सामन्यात पुन्हा 129. चार दिवसांत 323 चेंडू. मी मास्तर माणूस, सहाने भागून बघितलं: जवळजवळ 54 ओव्हर. आणि दुसऱ्याच दिवशी फायनल, समोर हानामाकी हिगाशी, अमेरिकेत गाजणाऱ्या ओहतानी शोहेईची शाळा.

तुम्ही त्याला उतरवलंच नाही. बॅटिंगलाही नाही. त्या स्पर्धेत तोवर एकदाही चेंडू न टाकलेल्या मुलाच्या हातात चेंडू दिला, आणि 2-12 ने हरलात.

हातातोंडाशी आलेला घास. शाळेत फोनवर फोन आले, टीव्हीवर हारिमोतो इसाओंसारख्या जुन्या दिग्गजाने तुम्हाला फैलावर घेतलं, तेव्हा अमेरिकेत खेळणाऱ्या दार्विश यूने उघडपणे तुमची बाजू घेतली. तुम्ही इतकंच सांगितलं, की दुखापत टाळण्यासाठी हा निर्णय मी घेतला. टाक म्हटलं असतं तर त्याने टाकलंही असतं, पण तसं सांगणं मला जमलं नाही.

हे "जमलं नाही" माझ्या डोक्यात राहिलं. आमच्याकडे कोच असं बोलत नाही. तो म्हणतो, "पोराची तयारी होती, मी काय करू?" सगळा भार पोराच्या तयारीवर. पंधरा-सतरा वर्षांचं पोरगं फायनलच्या सकाळी नाही म्हणेल का कधी? त्याला विचारणं म्हणजे आपली जबाबदारी त्याच्या खांद्यावर ढकलणं, आणि तो खांदा आधीच थकलेला.

मागच्या वर्षी डिसेंबरात आमची फायनल होती. माझा मुख्य फास्ट बोलर नववीतला, उजव्या हाताचा, अंगाने काटकुळा. सकाळी तो बूट बांधत होता. खाली वाकून नाही. ग्राउंडच्या रोलरवर पाय ठेवून, पाठ सरळ ठेवून, नाडी अंदाजाने ओढत. मी लांबून बघितलं. जवळ जाऊन विचारलं तर म्हणाला, "काय नाय सर, असंच." कमरेच्या वर, डाव्या बाजूला अंगठा दाबला तर ओठ मिटून घेतले पण आवाज काढला नाही. उजव्या हाताच्या फास्ट बोलरची डावी बाजू दुखली तर समजायचं काहीतरी आहे.

आदल्या दिवशी चौदा ओव्हर मीच त्याला दिल्या होत्या. मीच. ही चूक तुमच्या पदरात घालत नाही.

त्या क्षणी मला तुम्ही आठवलात. त्याला न विचारताच मी टीममधून नाव काढलं. आम्ही हरलो, सहा विकेटनी. नंतर गावात जे ऐकावं लागलं ते लिहीत नाही. एकाने तर समोरच्या शाळेकडून किती घेतले, असंच विचारलं. पोरगा आठ दिवस बोलला नाही माझ्याशी. एमआरआयमध्ये मणक्याच्या हाडावर सूज निघाली, तडा नव्हता. डॉक्टरांनी चार महिने चेंडूला हात लावायला बंदी केली. त्या दिवशी दहा ओव्हर टाकल्या असत्या तर तडा गेला असता का? कोणी सांगू शकत नाही. तुमच्याबाबतीतही तेच. न झालेली दुखापत कोणाला दाखवता येत नाही, हरलेला सामना मात्र फळ्यावर लिहिलेला असतो.

त्या चार महिन्यांत मी रोकीचं पुढचं सगळं शोधून वाचलं, आणि पोरालाही ऐकवलं. ऑक्टोबर 2019 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात तिथे, चार संघांनी त्याचं नाव घेतलं, चिठ्ठी चिबा लोत्ते संघाची निघाली. आणि त्यांनी काय केलं? 2020 मध्ये त्याला एकही अधिकृत सामना खेळवला नाही. वर्षभर मुख्य संघाबरोबर ठेवलं, अंग घडवलं. आमचा पोरगा इथे पहिल्यांदा हसला: "अख्खं वर्ष, सर? पगार देऊन?"

मे 2021 मध्ये तो व्यावसायिक मैदानात उतरला. पहिला विजय मिळाला 27 मेला, आणि तो कुठे, तर कोशिएनच्याच मैदानावर. हे वाचून मी वही मिटून थोडा वेळ बाहेर जाऊन उभा राहिलो.

मग 10 एप्रिल 2022, ओरिक्स संघाविरुद्ध. सत्तावीस बॅटर आले, सत्तावीस परत गेले, एकही बेसवर, म्हणजे धाव काढायच्या पहिल्या टप्प्यावरही, पोचला नाही. 105 चेंडूंत 19 स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद), त्यातले 13 लागोपाठ. वय 20 वर्षं 5 महिने. जपानी व्यावसायिक बेसबॉलमध्ये असा सामना 28 वर्षांत झाला नव्हता. पण मला त्याहून आवडतो तो पुढचा आठवडा. 17 एप्रिलला पुन्हा आठ डाव, पुन्हा एकही माणूस बेसवर नाही, आणि 102 चेंडूंनंतर मॅनेजर इगुचींनी त्याला काढून घेतलं. तो सामनाही लोत्ते हरलं. तुमचा वारसा कोणीतरी चालवतंय, असं उगाच वाटलं.

2025 मध्ये तो अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या डॉजर्स संघाकडे गेला. मार्चमध्ये तोक्यो डोमला पहिला सामना, मे महिन्यात खांदा दुखावला, महिनोन्महिने बाहेर. म्हणजे तुम्ही त्याला जन्माचा विमा काढून दिला नव्हता, हेही खरं. सप्टेंबरात परतला तो शेवटच्या डावांसाठी, आणि त्याच मोसमात संघ वर्ल्ड सीरीज, म्हणजे तिथली अंतिम मालिका, जिंकला.

एक गोष्ट मात्र तुमच्याशी भांडून विचारायची आहे. त्या दिवशी मैदानात उतरलेल्या बाकीच्या मुलांचं काय? तिसऱ्या वर्षातल्यांचा तो शाळेतला शेवटचा सामना. रोकीला चिबा आणि लॉस एंजेलिस मिळालं, त्यांना 2-12. माझ्या टीममधल्या दहावीच्या पाच पोरांच्या तोंडाकडे मला अजून नीट बघवत नाही. तुम्ही त्यांना काय सांगितलंत? भेटलो असतो तर पहिला प्रश्न हाच केला असता, आभार नंतर.

बहीण हे पत्र जपानीत करून देणार आहे. "स. न. वि. वि." चं काय करू, म्हणून तिने आत्ताच फोन केला होता.

पोरगा आता दहावीत आहे. रोज नेटला आल्यावर विचारतो, "सर, आज किती?" मी वहीत आकडा लिहितो, त्याने टाकल्यावर तो स्वतः टिक करतो. काल तीस होते. तिसावा टाकून त्याने चेंडू माझ्या हातात आणून दिला, मागायच्या आधी.

आपला नम्र,
एक क्रीडाशिक्षक
जि. सांगली