तज्ज्ञाच्या नावापुढे त्याची नोंदणी छापावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अर्थविषयक पानावर गुंतवणुकीच्या प्रश्नांना तज्ज्ञ उत्तरे देतात. ते पान मी आवर्जून वाचतो. मात्र उत्तर देणारी व्यक्ती गुंतवणूक सल्लागार आहे, म्युच्युअल फंडाची वितरक आहे की विमा एजंट, हे तिथे लिहिलेले नसते. ते कळणे वाचकाला किती गरजेचे आहे, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आमच्या शेजारचे जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी निवृत्त झाले. नोकरी नोव्हेंबर २००५ च्या आधीची, म्हणून जुनी पेन्शन. ग्रॅच्युइटी आणि पेन्शनविक्रीची (पेन्शनचा काही भाग आधीच एकरकमी घेतल्याची) रक्कम खात्यात जमा होताच बँकेतल्या अधिकाऱ्याने त्यांना दरवर्षी मोठा हप्ता असलेली पॉलिसी दिली. गुरुजी समजत होते, ठेव केली. वास्तविक आयुर्विमा असतो तो आपल्या कमाईवर अवलंबून असलेल्या घरच्यांसाठी. गुरुजींची मुले कमावती आहेत आणि त्यांच्या पश्चात पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळणारच आहे. मग हा विमा कोणासाठी? पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, हेही त्यांना कुणी सांगितले नाही.

शुल्क घेऊन घरच्या पैशांचा आराखडा आखून देणाऱ्या आर्थिक नियोजनकाराकडे ते गेले असते, तर पहिल्या बैठकीत एकाही योजनेचे नाव निघाले नसते. घरखर्च किती, पेन्शनमध्ये तो भागतो का, कर्ज शिल्लक आहे का, दवाखान्याची सोय काय, नामनिर्देशन (नॉमिनी) कोणाच्या नावे, मृत्युपत्र केले आहे का, हे आधी विचारले गेले असते. (नामनिर्देशन केले म्हणजे ती व्यक्ती मालक झाली, असे बहुतेक घरांत समजतात. शेअर्सच्या बाबतीत तसे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.) मग अडीअडचणीचे पैसे बाजूला, आरोग्य विमा, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाखांच्या मर्यादेत किती ठेवायचे, एकाच बँकेत ५ लाखांवर ठेव असेल तर वरच्या रकमेला ठेव विम्याचे संरक्षण नाही, असा क्रम लागतो. इक्विटी फंडाचा (शेअर्समध्ये पैसे गुंतवणाऱ्या म्युच्युअल फंडाचा) विषय निघालाच तर सर्वांत शेवटी. कित्येकदा नियोजनकाराचा सल्ला ‘नवीन काही घेऊ नका’ एवढाच असतो, आणि तो लाखमोलाचा असतो.

असे कुणी का सांगत नाही, याचे उत्तर पैसे कोण देतो यात आहे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या ‘सेबी’च्या २०१३ च्या नियमांनुसार नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागाराला अशिलाकडून शुल्क घेऊन काम करावे लागते. अशिलाची जोखीम पेलण्याची ताकद तपासणे, लेखी करार करणे त्याला बंधनकारक आहे. ज्या अशिलाला सल्ला दिला, त्यालाच कमिशनवर योजना विकता येत नाही. त्याचा नोंदणी क्रमांक ‘आयएनए’ अक्षरांनी सुरू होतो आणि ‘सेबी’च्या संकेतस्थळावर तपासता येतो. वितरकाचा क्रमांक ‘एआरएन’. त्याला फंड कंपनी कमिशन देते आणि आपले पैसे फंडात असेपर्यंत ते चालू राहते. ‘सर्टिफाइड फायनान्शिअल प्लॅनर’ हे प्रमाणपत्र चांगले आहे, पण ते मिळवलेला माणूस वितरकही असू शकतो. त्यामुळे व्हिजिटिंग कार्डावरच्या अक्षरांवर थांबू नये.

शुल्क म्हटले की आपल्याकडे लोक बिचकतात. ‘एजंट तर फुकट सांगतो’ हे मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. समजा १० लाख रुपये २० वर्षे ११ टक्क्यांनी वाढले, तर सुमारे ८०.६ लाख होतात. १० टक्क्यांनी वाढले तर ६७.३ लाख. कमिशनसह खर्चात एक टक्का जास्त गेला, तर फरक १३ लाखांवर जातो. तो बिलात दिसत नाही, म्हणून फुकट वाटतो. कमिशन न देता थेट फंडात पैसे घालण्याचा ‘डायरेक्ट प्लॅन’ जानेवारी २०१३ पासून आहे, तरी तालुक्याच्या गावात त्याचे नाव क्वचितच कानावर येते.

एजंटांना सरसकट दोष देण्याचा माझा हेतू नाही. कमावता माणूस अचानक गेल्यावर दाव्याचे कागद गोळा करून, विधवा बाईला पैसे मिळेपर्यंत खेटे घालणारे एजंट मी पाहिले आहेत. नोंदणीकृत सल्लागार तर देशातच फार थोडे, आणि तेही बहुतेक मोठ्या शहरांत. जिथे एजंटच आहे, तिथे त्याला ‘या योजनेत तुम्हाला किती मिळते?’ असे सरळ विचारावे. प्रामाणिक माणूस सांगतो.

आपल्याकडून अपेक्षा एवढीच: पैशांविषयी लिहिणाऱ्या प्रत्येक लेखकाच्या नावाखाली तो सल्लागार, वितरक की एजंट हे नोंदणी क्रमांकासह छापावे. नोंदणी नसेल तर तसे लिहावे. एका ओळीचीच जागा लागेल. पुढच्या अंकापासून ती द्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सांगली