कोटेशनवर सही करण्याआधी

प्रिय वैशाली,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या नाशिकच्या फ्लॅटचं कोटेशन वाचलं. बाथरूमची तोडफोड, फरशी, आतला रंग, सगळं मिळून खाली एकच रक्कम. ती मोठी आहे म्हणून तू धास्तावली आहेस. मी इतकी वर्षं ठेकेदाराच्या ऑफिसात बसून एस्टिमेटं केली आहेत, म्हणून सांगते: रक्कम कमी करून मागू नकोस, फोडून माग. नुसती कमी करायला लावलीस तर माल हलका येईल आणि तुला कळणारही नाही.

आधी मजुरी. ती एक तर हजेरीवर असते, म्हणजे दिवसाच्या रोजाने, नाही तर उक्ती, म्हणजे कामाचा दर आधीच ठरवून. फरशी आणि रंग उक्ते दे, फुटाच्या दराने. तोडफोड आणि गळती मात्र हजेरीवरच बरी, कारण भिंत फोडल्याशिवाय आत पाइप किती सडलाय हे कोणालाच सांगता येत नाही. तिथे उक्तं मागितलंस तर ठेकेदार भीतीपोटी जास्तच धरेल. गवंड्याचा आणि बिगाऱ्याचा रोज वेगळा लिहून घे, आणि रोज संध्याकाळी वहीत हजेरी मांडून दोघांनी सही करा, अर्धी हजेरीसुद्धा.

रंगाचं माप भिंतींचं असतं, फ्लॅटच्या कार्पेट एरियाचं नाही. 10 बाय 12 ची, 10 फूट उंचीची खोली घे: भिंती 440 चौरस फूट, छत 120, झाले 560. म्हणजे रंगाचं माप फरशीच्या मापापेक्षा इतकं मोठं दिसलं तरी ती फसवणूक नाही. दारं-खिडक्या वजा करणार का, एवढं मात्र आधीच विचार.

आता त्याचा नफा. तो घेतो याचा राग धरू नकोस गं. सीपीडब्ल्यूडीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या बांधकाम खात्याच्या, दर विश्लेषणातही ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च मिळून 15 टक्के धरतात. गवंडी आला नाही तर दुसरा शोधणं, हत्यारं, राडारोड्याच्या टेम्पोची खेप, हे सगळं त्यातूनच निघतं. हिशेब मात्र समजून घे: लाखाच्या मालावर 25 टक्के चढवले की बिल सव्वा लाखाचं होतं, आणि तो म्हणतो, "मला वीसच टक्के सुटतात." सव्वा लाखावर पंचवीस हजार म्हणजे वीसच टक्के, तेव्हा तो खोटं बोलत नाही. खरी मेख दुकानात असते. दुकानदार त्याला सूट देतो, तुझ्या बिलात छापील किंमत लागते आणि वर पुन्हा टक्के चढतात. म्हणून मालाची दुकानाची बिलं माग. टाइल्स स्वतः आणल्यास तर फुटतुटीची जोखीम तुझी, आणि तो मजुरीचा दर वाढवेल, कारण त्याची कमाई मालातच होती.

जीएसटी लावला असेल तर नंबर बघ: 15 अक्षरी, आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा असेल तर सुरुवात 27 ने. नोंदणी नसलेल्याला जीएसटी घेताच येत नाही.

एक कळकळीने सांगते. भांडण झालं तरी आठवड्याची मजुरी अडवू नकोस. बाजाराच्या दिवशी बिगाऱ्याच्या हातात पैसे पडले नाहीत तर त्याच्या घरी किराणा येत नाही, ठेकेदाराचं काही बिघडत नाही. अडवायचंच तर शेवटचं बिल अडव, बाथरूममध्ये पाणी तुंबवून गळती तपासेपर्यंत.

खोल्यांची मापं आणि फोडलेलं कोटेशन पाठव. ॲडव्हान्स त्यानंतरच दे.

तुझी,
सुनीता