‘दहा मिनिटांत डीव्हीडी’ टीव्हीवरही चालायला हवी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मोबाईलवरील किंवा कॅमेऱ्यातील चित्रीकरण ‘दहा मिनिटांत डीव्हीडीवर’ करून देण्याच्या पाट्या आमच्या शहरात आजही काही दुकानांवर दिसतात. या घाईचा आमच्या घरी आलेला अनुभव आणि त्या निमित्ताने समजून घेतलेल्या गोष्टी इतर वाचकांच्या उपयोगी पडाव्यात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या सोहळ्याचे सुमारे साडेतीन तासांचे चित्रीकरण आमच्याकडे पेन ड्राइव्हवर होते. त्यातील बराचसा भाग छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यावरचा होता, तर वडिलांनी व्यक्त केलेले मनोगत माझ्या भाच्याने मोबाईलवर टिपले होते. पुढच्याच वर्षी वडील गेले. आईला मोबाईलच्या लहानशा पडद्यावर चेहरे नीट दिसत नाहीत. तिच्या खोलीतला जुना टीव्ही आणि त्याखालचा डीव्हीडी प्लेअर मात्र ती स्वतः लावू शकते, म्हणून मी ते चित्रीकरण दुकानात दिले. दुकानदाराने थोड्याच वेळात डिस्क हाती ठेवली, दुकानातल्या संगणकावर लावूनही दाखवली आणि मी समाधानाने घरी आलो. घरच्या प्लेअरने ती वाचलीच नाही. परत नेल्यावर दुसरी डिस्क मिळाली; ती चालली, पण सगळ्यांचे चेहरे ओढल्यासारखे उभट दिसत होते, औक्षणाच्या वेळी निरांजनांभोवती चौकोनी ठिपके नाचत होते आणि वडील बोलायला उभे राहिले तेव्हा ओठ आधी हलत होते व शब्द मागून येत होते. आई थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “आवाज त्यांचाच आहे रे, पण तेच बोलतायत असं वाटत नाही.”

पहिली डिस्क का चालली नाही, याचे कारण साधे आहे आणि ते ग्राहकाला कोणीच सांगत नाही. संगणकावरची फाईल जशीच्या तशी डिस्कवर उतरवली, तर ती फक्त फाईल साठवलेली डिस्क होते. जुन्या प्लेअरला हवी असते ती ‘डीव्हीडी व्हिडिओ’, आणि तिचे नियम ठरलेले आहेत. चित्र एमपेग-२ या, चित्राची माहिती कमी जागेत बसवणाऱ्या पद्धतीचे असावे लागते, आवाजाची नोंद सेकंदाला ४८ हजार नमुन्यांची असावी लागते, आणि हे सारे ‘व्हिडिओ टीएस’ नावाच्या फोल्डरमध्ये ठरावीक प्रकारच्या फायलींत बसवावे लागते. आपल्याकडे चालणाऱ्या ‘पाल’ या टीव्ही-प्रसारणाच्या पद्धतीत चित्राची चौकट ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांची आणि सेकंदाला २५ चित्रांची असते. मोबाईलमधील फाईल यांपैकी बहुतेक कशातच बसत नाही, त्यामुळे ती नव्याने घडवावी लागते. संगणक दोन्ही प्रकारच्या डिस्क सारख्याच सहजतेने दाखवतो. म्हणूनच दुकानातल्या संगणकावर केलेली तपासणी ही तपासणीच नव्हे; डिस्क प्लेअरवर लावूनच पाहिली पाहिजे.

दुसऱ्या डिस्कवरचे चौकोनी ठिपके साडेतीन तास एकाच डिस्कमध्ये कोंबल्यामुळे आले. साध्या एकपदरी डिस्कची क्षमता ४.७ जीबी असते. दोन तासांचा कार्यक्रम त्यात बसवला, तर चित्र आणि आवाज मिळून दर सेकंदाच्या माहितीसाठी सुमारे ५ मेगाबिट एवढी जागा मिळते आणि घरगुती चित्रीकरण टीव्हीवर चांगले दिसते. साडेतीन तासांसाठी जेमतेम ३ मेगाबिट उरतात. व्यासपीठावर एकटा वक्ता उभा असेल तर तेवढ्यात निभावते, पण हलत्या ज्योती, जरीची साडी, उधळलेल्या अक्षता असे काही आले की चित्र फुटते. दोन डिस्क केल्या असत्या तर कोऱ्या डिस्कच्या मामुली किमतीत हे टळले असते.

उभट चेहऱ्यांचे कारण असे की, १६:९ प्रमाणातील (रुंद पडद्याच्या) चित्रावर ४:३ ची (जुन्या, कमी रुंद पडद्याची) खूण टाकली गेली होती. आवाज मागे पडण्याचे कारण मात्र मला बरेच दिवस उमगले नव्हते. अनेक मोबाईल सेकंदाला ठरीव संख्येने चित्रे घेत नाहीत. उजेड कमी झाला की ती संख्या कमी होते, पुन्हा वाढते. घाईघाईत रूपांतर करताना या चढउताराकडे दुर्लक्ष झाले, तर चित्र आणि आवाज यांची फारकत होत जाते आणि भाषण जितके लांब, तितके अंतर वाढते. अशी फाईल आधी एकसारख्या गतीची करून घ्यावी लागते. त्यातही ती व्हॉट्सॲपवरून मागवलेली असेल, तर पाठवतानाच तिचा दर्जा उतरलेला असतो; शक्य तेथे मूळ फाईल मोबाईलमधून वायरनेच उतरवून घ्यावी.

आता प्रश्न वेळेचा. डिस्क लिहायला खरोखरच फार वेळ लागत नाही. पूर्ण भरलेली डिस्क १६ पट वेगाने पाच-सहा मिनिटांत, ८ पट वेगाने नऊ-दहा मिनिटांत तयार होते, आणि या तीन-चार मिनिटांसाठी सर्वाधिक वेग लावण्यात काहीच हशील नाही, कारण जुने प्लेअर अशा डिस्कवर अडखळण्याची शक्यता वाढते. खरा वेळ जातो तो फाईल नव्याने घडवण्यात. तिथेही योग्य मार्गाने वेळ वाचू शकतो. छायाचित्रकाराने दिलेले चित्रीकरण आधीच एमपेग-२ मध्ये आणि योग्य मापाचे असेल, तर त्याचे पुन्हा रूपांतर करूच नये. नुसती मांडणी करून डिस्क लिहावी, म्हणजे काम झटपट होते आणि दर्जाही तसूभर उतरत नाही. बाकीच्या फायलींना लागेल तेवढा वेळ द्यावा. संगणक ते काम रात्रभर एकटा करू शकतो, त्याच्यापाशी कोणाला बसावे लागत नाही. शेवटी मुलीच्या मदतीने मी घरीच ‘एफएफएमपेग’ आणि ‘डीव्हीडीस्टायलर’ या मोफत प्रोग्रामच्या आधारे दोन डिस्क केल्या. आमच्या जुन्या संगणकावर रात्री लावलेले काम सकाळी पूर्ण झाले होते.

ज्यांच्या टीव्हीला यूएसबीची सोय आहे आणि त्यावर मोबाईलची फाईल थेट चालते, त्यांनी डीव्हीडीच्या खटाटोपात पडू नये, असेच माझे मत आहे. डीव्हीडीपेक्षा मूळ फाईलचे चित्र अधिक स्पष्ट असते. परंतु माझ्या आईसारखी, डिस्क घालून एक बटण दाबणे एवढेच जमणारी वडीलधारी माणसे अनेक घरांत आहेत आणि त्यांच्यासाठी हे काम पुढची काही वर्षे तरी लागणारच.

म्हणून हे काम करणाऱ्या दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे. डिस्क नुसती फाईल साठवलेली आहे की प्लेअरवर चालणारी आहे, हे पावतीवर लिहून द्यावे. कार्यक्रम दोन तासांहून मोठा असेल तर दुसरी डिस्क लागेल, हे आधीच सांगावे. दुकानात एखादा साधा प्लेअर ठेवून ग्राहकासमोर डिस्कची सुरुवात, मध्य आणि शेवट लावून दाखवावा, कारण आवाज मागे पडलेला असेल तर ते पहिल्या मिनिटात कळत नाही. ग्राहकांनीही डिस्क हाती आली म्हणून पेन ड्राइव्हवरील मूळ फाईल पुसू नये. मी ती पुसली नव्हती, एवढ्याच कारणाने आमच्या घरच्या नव्या डिस्कवर वडिलांचे शब्द आणि त्यांचे ओठ पुन्हा जुळले.

कळावे,
आपला नम्र,
एक वाचक, सातारा